अदनला आलेली पत्रं, गोखल्यांची माफी आणि आमची लिफ्ट

मागच्या महिन्यात सोसायटीच्या एजीएममध्ये (वार्षिक सभेत) मी उभा राहिलो आणि सगळ्यांसमोर बोललो की लिफ्टच्या कामात पैसे खाल्ले गेलेत, बिल लावलंय नव्या रोपचं (म्हणजे लिफ्ट ओढणाऱ्या तारेच्या दोराचं) आणि बसवलाय जुना. ४८ फ्लॅटची सोसायटी, त्यातले वीसेक लोक आलेले. खजिनदार काकांच्या हातात चहाचा कप होता तो तसाच राहिला, ना वर ना खाली. मला हे कुणी सांगितलं होतं तर आमच्या वॉचमनने, आणि त्याला लिफ्टवाल्याबरोबर आलेल्या हेल्परने. मीटिंग संपल्यावर गेटपाशी वॉचमन आला, टोपी काढून हातात धरली आणि म्हणाला, "साहेब माझं नाव नका घेऊ हां, एजन्सीवाला दुसऱ्या दिवशी काढून टाकेल मला."

आता काय करायचं? आरोप तर करून बसलो, पुरावा म्हणाल तर वॉचमन, आणि वॉचमनचं नाव घेता येत नाही.

त्या रात्री पडल्या पडल्या मला गोपाळ कृष्ण गोखले आठवले. म्हणजे कुठे ते आणि कुठे आमची लिफ्ट, हसू नका, पण अडकण्याची जागा अगदी तीच आहे. गोखले म्हटलं की आपल्याला शाळेतली ती गणिताची गोष्ट आठवते, उदाहरण दुसऱ्याच्या मदतीने सोडवलं होतं म्हणून बक्षीस घेताना रडलेला मुलगा. ती गोष्ट जाऊ दे. खरी परीक्षा त्यांना ३१ व्या वर्षी द्यावी लागली, १८९७ साली, आणि त्यात ते पास झाले की नापास यावर पुण्यात तेव्हाही एकमत नव्हतं आणि माझं स्वतःचंही दोनदा बदललंय. म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

आधी पुण्यात काय चाललं होतं ते. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवीला प्लेग सापडला, पुढच्या काही महिन्यांत पुण्यात आला. फेब्रुवारी १८९७ मध्ये सरकारने साथरोग कायदा केला (हो, तोच, २०२० मध्ये कोरोनाला आपल्याकडे लावला तो), आणि पुण्यात वॉल्टर चार्ल्स रँड या आयसीएस अधिकाऱ्याला प्लेग कमिटीचा अध्यक्ष करून पाठवलं. मार्चपासून गोरे सोल्जर घराघरात शिरून तपासण्या करायला लागले. प्लेगची गाठ येते काखेत आणि जांघेत. म्हणजे तपासणी कुठे होत असेल ते समजून घ्या, आणि ती परक्या पुरुषांकडून, कधी उघड्यावर, रस्त्यावर. सोवळ्यातली स्वयंपाकघरं, देवघरं, काही वर्ज्य नाही. सामान बाहेर काढून जाळायचं, फरशा उकरायच्या, माणूस संशयित वाटला की इस्पितळात आणि घरचे सगळे सेग्रिगेशन कँपात. साथ आटोक्यात आणायला काहीतरी कडक करायला हवं होतं हे खरंच आहे, पण ज्या पद्धतीने केलं त्याने शहर आतून पेटलं. टिळकांचा केसरी तर लिहीतच होता, पण सुधारकासारखं सुधारकी पत्रसुद्धा तितकंच कडवट लिहीत होतं, आणि पंडिता रमाबाईंनी त्यांच्या संस्थेतल्या एका मुलीबाबत बॉम्बे गार्डियनमध्ये पत्र लिहिलं होतं. म्हणजे तक्रार एका गटाची नव्हती.

गोखले या सगळ्यात पुण्यात नव्हतेच. फर्ग्युसनचा हा तरुण प्रोफेसर लंडनला होता, वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला. हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणारं रॉयल कमिशन, आणि त्याच्यापुढे दिनशा वाच्छा, सुरेंद्रनाथ बॅनर्जी, सुब्रह्मण्य अय्यर आणि हे. एप्रिलमध्ये यांची साक्ष झाली. आकडे, तक्ते, लष्करी खर्च किती, पगारात किती जातात, उलटतपासणीत एक वाक्य पुराव्याशिवाय नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आणि त्याच वेळी पुण्याहून टपाल येत होतं. मित्रांची पत्रं, विश्वासातली माणसं. त्यात तपासण्यांचं वर्णन, आणि एका ठिकाणी असं की सोल्जरांनी दोन बायकांवर अत्याचार केला, त्यातल्या एकीने नंतर जीव दिला.

तुम्ही परदेशात आहात, गाव जळतंय, आपल्या हातात काही नाही, आणि अशी पत्रं येतायत. माणूस काय करेल? गोखले पार्लमेंटच्या काही सभासदांपुढे बोलले आणि जुलैच्या सुरवातीला मँचेस्टर गार्डियनमध्ये त्यांचं म्हणणं छापून आलं. त्यात ते दोन बायकांचं पण होतं.

टायमिंग बघा. २२ जून १८९७ ला, व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला ६० वर्षं झाली त्या समारंभाच्या रात्री, गणेशखिंडीत चाफेकरांनी रँडला गोळी घातली होती. लेफ्टनंट आयर्स्ट जागीच गेला, रँड ३ जुलैला गेला. लंडनमध्ये वातावरण असं की पुण्याचं नाव काढलं तरी लोक चवताळतायत. आणि अशात हा हिंदुस्थानी प्रोफेसर म्हणतोय की आमच्या सोल्जरांनी बलात्कार केले! पार्लमेंटमध्ये प्रश्न आला, भारतमंत्री लॉर्ड जॉर्ज हॅमिल्टनने मुंबईच्या गव्हर्नरला, लॉर्ड सँडहर्स्टला विचारलं, मुंबई सरकारने साफ नाकारलं, हे दुष्टपणाने रचलेलं आहे असंच म्हटलं. गोखले मागे हटले नाहीत. मी हिंदुस्थानात जातो, शोध घेतो, आणि खरं काय ते सांगतो, अशा पवित्र्यात ते बोटीवर चढले.

बोट वाटेत अदन बंदराला लागली. तिथे टपाल आलेलं होतं, पुण्याहूनच, ज्या मित्रांनी आधी लिहिलं होतं त्यांच्याकडून. आमची नावं सांगू नका.

मला या प्रकरणातला हाच क्षण सगळ्यात जवळचा वाटतो. मुंबई अजून काही दिवस लांब, समुद्र, आणि हातात ती पत्रं. त्या मित्रांना भेकड म्हणणं सोपं आहे. पण त्याच दिवसांत काय काय झालं ते बघा. २७ जुलैला टिळकांना अटक झाली. त्याच सुमाराला पुण्यातल्या सरदार नातू बंधूंना १८२७ च्या रेग्युलेशनखाली उचललं, ज्यात खटला नाही, आरोपपत्र नाही, सरकारला वाटेल तितके दिवस आत. शहरावर जादा पोलिस बसवले आणि त्यांचा खर्च पुणेकरांच्याच माथी. अशा गावात कोण उठून म्हणणार की हो, ते पत्र मी लिहिलं? आणि म्हटलं तरी त्याला पुढचा प्रश्न येणार, तुला कुणी सांगितलं? मग तो शेजाऱ्याचं नाव घेणार, शेजारी त्या घराचं नाव घेणार, आणि शेवटी त्या बाईच्या दारात पोलिस. १८९७ च्या पुण्यातली बाई. ती जिवंत असली तर काय म्हणणार होती चारचौघात? की माझ्या बाबतीत असं झालं? एखाद्या कुटुंबाने असलं काही कबूल करणं शक्य तरी होतं का? म्हणजे घडलं असलं तरी पुरावा मिळणार नव्हता आणि घडलं नसलं तरी मिळणार नव्हता. दोन्हीकडून सारखीच शांतता.

मुंबईला बोट लागली जुलैच्या अगदी शेवटी, आणि पोलिस कमिशनर बोटीवरच भेटायला हजर. विचारायला, की तुमच्याकडे काय आहे ते दाखवा.

आता इथे थांबून बघू की त्यांच्यापुढे रस्ते किती होते. मी वहीत लिहून काढले होते तेव्हा पाच-सहा झाले, पण खरे तितके नाहीत.

पहिला रस्ता, नावं सांगून टाकायची. हा अब्रू वाचवण्याचा रस्ता, मी खोटं बोललो नाही हे सिद्ध होतं. किंमत कोण देणार तर ज्यांनी विश्वासाने लिहिलं ते. पत्रं दाखवायची पण नावं कापून, हा त्याचाच जरा सभ्य भाऊ, पण पुण्यातली माणसं किती, अक्षर ओळखायला वेळ लागतो होय? आणि नाव नसलेलं पत्र हा पुरावा कुठल्याच कोर्टात नाही.

दुसरा, गप्प बसायचं. दोन-तीन महिन्यांत लोक विसरतात. पण लंडनमध्ये ज्यांनी यांच्यासाठी शब्द टाकला, काँग्रेसच्या बाजूचे ब्रिटिश खासदार वेडरबर्न, दादाभाई नौरोजी, त्यांचं काय? ज्याची साक्ष कमिशनपुढे झालीय तो माणूस ऐकीव गोष्टी छापून पळून गेला असं झालं की मग त्याच्या खर्चाच्या आकड्यांवर तरी कोण विश्वास ठेवणार, आणि त्याच्याबरोबरच्या तिघांच्या तरी?

तिसरा, लढायचं. मी म्हणालो ते खरं आहे, करा खटला, टाका आत. हा रस्ता सगळ्यात आकर्षक आहे आणि गंमत म्हणजे सगळ्यात लोकप्रिय झाला असता. त्या उन्हाळ्यानंतर पुण्याला असाच माणूस हवा होता. पण कोर्टात उभं राहिल्यावर प्रश्न एकच येणार होता, कशावरून? आणि उत्तर द्यायचं तर परत पहिल्या रस्त्यावर, नाही द्यायचं तर हौतात्म्य स्वतःचं पण मुद्दा हरलेला.

चौथा म्हणजे अर्धी माफी. "माझ्या बोलण्याने कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर." हा आपला राष्ट्रीय रस्ता आहे, यावर खाली बोलतो कारण मी स्वतः त्यावरून चालून आलोय.

आणि पाचवा, सरळ माफी. माझ्याकडे सिद्ध करायला काही नाही, मी आरोप मागे घेतो.

गोखल्यांनी रानड्यांना विचारलं. रानडे त्यांचे गुरू, आणि तेव्हा मुंबई हायकोर्टाचे जज्ज. लोकांच्या शिव्या खाऊन शांत राहायचा अनुभव त्यांना दांडगा होता, पाचच वर्षांपूर्वी पंचहौदच्या ख्रिस्ती मिशनमध्ये घेतलेल्या चहावरून प्रायश्चित्त घेतलं तेव्हा त्यांचेच सुधारक मित्र त्यांच्यावर उखडले होते. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात गोखल्यांची माफी छापून आली. बिनशर्त. गव्हर्नरची, प्लेग कमिटीच्या सभासदांची, आणि प्लेगच्या कामावर असलेल्या सोल्जरांचीही.

पुण्याला काय वाटलं असेल याची कल्पना करा. टिळकांवर खटला, नातू आत, गल्लीत जादा पोलिस, आणि आपला प्रोफेसर त्या सोल्जरांची माफी मागतोय ज्यांनी आपल्या घरात शिरून देवघर बाटवलं. गोखल्यांनी कच खाल्ली, असं पसरलं, आणि तो शिक्का बरीच वर्षं पुसला गेला नाही. डिसेंबरात अमरावतीला काँग्रेस भरली, शंकरन नायर अध्यक्ष, तिथे गोखल्यांना बोलायला उभं करायचं टाळलं गेलं, लोक ऐकून घेणार नाहीत म्हणून. आठ महिन्यांपूर्वी लंडनमध्ये हिंदुस्थानची बाजू मांडणारा माणूस, आणि आपल्याच मंडपात तोंड उघडायची सोय नाही.

आता माझं मत. इथे लोक दोन बाजूंनी बोलतात, एक म्हणतात किती थोर, खरेपणा बघा, दुसरे म्हणतात मवाळ तो मवाळच. मला दोन्ही पटत नाहीत कारण दोघंही फक्त मुंबईतल्या निर्णयाकडे बघतात. माझ्या मते निर्णय मुंबईत झालाच नाही. तो लंडनमध्ये झाला, वर्तमानपत्राच्या माणसासमोर, आणि तोच चुकला. एकदा ते वाक्य छापून गेल्यावर मुंबईत जे उरले होते ते सगळेच रस्ते वाईट होते, त्यातला सगळ्यात कमी वाईट त्यांनी निवडला इतकंच.

आणि चूक कसली होती ते नीट बघण्यासारखं आहे. खोटं बोलणं ही नव्हतीच. ज्या माणसाने एप्रिलमध्ये कमिशनपुढे एक आकडा आधाराशिवाय टाकला नाही त्याने जुलैमध्ये त्याच शहरात तिसऱ्या तोंडची गोष्ट छापू दिली. का? कारण खर्चाच्या बाबतीत आपण काटेकोर असायला हवं हे त्याला माहीत होतं, तो त्याचा विषय होता. अत्याचाराच्या बाबतीत काटेकोरपणा म्हणजे निर्दयपणा वाटतो. एखादी बाई मेलीय आणि मी कागद मागत बसू? आपण सगळे इथेच घसरतो. जिथे राग जास्त तिथे पुरावा कमी चालतो असं मनाला वाटतं, आणि असतं बरोब्बर उलट, जितका आरोप मोठा तितकी समोरचा माणूस कशावरून ते जास्त विचारणार.

दुसरं म्हणजे त्यांच्याकडे सिद्ध होण्यासारखं ढिगाने होतं हो! रस्त्यावरच्या तपासण्या शेकडो लोकांनी बघितल्या होत्या. जाळलेलं सामान, उकरलेल्या फरशा, कँपात नेलेली निरोगी माणसं, ही सगळी नावानिशी साक्ष देऊ शकली असती आणि त्यांच्या अब्रूचा प्रश्नही तितका नव्हता. नेमकी जी गोष्ट कधीच सिद्ध होणार नव्हती ती सगळ्यात वर ठेवली गेली, आणि मग तिने बाकीचं सगळं खाल्लं. सरकारला मग बाकीच्यावर उत्तर द्यावंच लागलं नाही.

इथेच माझी त्या माफीबद्दलची एक तक्रार आहे, आणि रानडे-गोखल्यांपुढे मी कोण, पण तरी लिहितो. आरोप मागे घेणं बरोबर. सिद्ध करता येत नाही हे सांगणं बरोबर. पण सरसकट सगळ्या सोल्जरांची बिनशर्त माफी म्हणजे ज्याच्या घरातली भांडी रस्त्यावर फेकली गेली त्या माणसाच्या तक्रारीवरही पाणी पडलं ना? मी काय किंमत देतो हे गोखल्यांनी बघितलं, मित्र काय देतील हे बघितलं, पण बुधवार पेठेतल्या कुठल्यातरी वाड्यातल्या माणसाला त्याची किती किंमत पडेल हे हिशोबात धरलं गेलं का, मला शंका आहे. तेवढं एक आरोपाचं वाक्य मागे घेऊन बाकीची तक्रार जशीच्या तशी उभी ठेवता आली असती का? कागदावर सोपं वाटतं. पोलिस कमिशनर बोटीवर येतो तेव्हा इतकं बारीक कातरून बोलता येतं का, ते माहीत नाही, आणि त्यात रँडच्या खुनाला सहा आठवडे झालेले नाहीत.

टिळकांशी तुलना होणारच, त्याच दिवसांत झाली. टिळकांनाही मित्रांनी सुचवलं होतं की माफी मागून सुटा, त्यांनी नाही म्हटलं आणि सप्टेंबरमध्ये अठरा महिन्यांची सक्तमजुरी घेतली. एकाने मागितली, एकाने नाही, म्हणजे एक वाघ आणि एक शेळी, असा हिशोब पुण्याने केला आणि अजून कट्ट्यावर होतो. पण प्रश्नच वेगळे होते. टिळकांवर खटला होता तो केसरीत छापलेल्या मजकुराचा, आपल्या पत्राचा, आपल्या मताचा. मत मागे घ्यायला सांगितलं तर नाही म्हणणं हाच खरेपणा. गोखल्यांचं जे होतं ते मत नव्हतंच, ती घटना होती, दुसऱ्याने सांगितलेली, तिसऱ्यावर घडलेली. घडलं म्हणून सांगितलेलं दाखवता येत नसेल तर त्यावर अडून बसणं हा बाणेदारपणा नाही, हट्ट आहे. दोघांनी जागा बदलल्या असत्या, म्हणजे टिळकांनी मताची माफी मागितली असती आणि गोखल्यांनी ऐकीव गोष्टीसाठी तुरुंग पत्करला असता, तर मला वाटतं दोघंही चुकले असते. हे वाक्य एका पुणेकर मित्राला ऐकवलं तर त्याने मिसळ अर्धी टाकून उठायची धमकी दिली. असो.

आणि ती नावं? गोखल्यांनी सांगितली नाहीत. जाहीरपणे खोटारडे ठरले, अमरावतीला गप्प बसले, नावं सांगितली नाहीत. मला विचाराल तर या प्रकरणात तत्त्व म्हणतात ते इथे आहे, माफीत नाही. माफी हा हिशोब होता, चांगला किंवा वाईट. नावं न सांगणं हा हिशोब नव्हता.

नंतर काय केलं तर पुण्यात येऊन प्लेगच्या कामातच स्वयंसेवक म्हणून उतरले, ज्या कामावरून एवढं झालं त्याच कामात, त्याच शहरात जिथे लोक तोंड फिरवत होते. १८९९ मध्ये मुंबई कायदे कौन्सिलवर निवडून गेले, १९०२ मध्ये वरिष्ठ कौन्सिलात त्यांचं पहिलं बजेटवरचं भाषण झालं आणि ते परत आकड्यांचं होतं. त्यांची कौन्सिलातली भाषणं चाळली तर मला तरी असं दिसतं की हा माणूस १८९७ नंतर ऐकीव गोष्टीच्या वाऱ्यालाही उभा राहिला नाही. कधी कधी त्यामुळे भाषण कोरडं होतं. १९०५ मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष झाले, बनारसला, म्हणजे अमरावतीनंतर आठ वर्षांनी.

एक गोष्ट मात्र राहून जाते. त्या दोन बायका. सरकारने त्यांचं नाव आरोपातलं एक वाक्य म्हणून घेतलं, गोखल्यांनी पुरावा नसलेलं वाक्य म्हणून, टीकाकारांनी कच खाल्ल्याचा दाखला म्हणून, आणि मी पण आत्ता केस स्टडी म्हणून घेतोय. त्या होत्या की नव्हत्या यावर कुणी त्यांच्यासाठी म्हणून शोध घेतला असं दिसत नाही. होत्या असतील तर त्यातली जी मागे राहिली तिने हे सगळं पेपरात छापून येताना, मग मागे घेतलं जाताना, ऐकलं असेल घरात बसून.

बरं, लिफ्ट.

मी आधी काय केलं तर चौथा रस्ता. मीटिंगच्या दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलं की "काल माझ्या बोलण्याने कुणाला वाईट वाटलं असेल तर दिलगीर आहे." त्यावर पाच अंगठे आणि दोन नमस्कार आले, आणि खजिनदार काकांचा काहीच नाही. बायको म्हणाली हे काय लिहिलंय, तू त्यांना चोर म्हणालास, त्यांना वाईट वाटलं "असेल तर"? आता ती म्हणाली ते बरोबर होतं. या "तर" मध्ये सगळी लबाडी आहे. त्यात मी आरोपही मागे घेत नाही आणि त्याची जबाबदारीही घेत नाही, उलट काकांचीच चूक की ते मनाला लावून घेतात.

मग आठवडाभराने, गोखले-प्रकरण वाचून काढल्यावर, रात्री साडेअकराला परत लिहायला बसलो. चारदा खोडलं. आधी लिहिलं "माझ्या कानावर आलं होतं", ते काढलं कारण लगेच कुणीतरी विचारणार कुणाकडून, आणि वॉचमन सोडून आमच्याकडे कानावर घालणारं आहे कोण. मग लिहिलं "काही कारणाने माझा गैरसमज झाला", ते पण काढलं कारण गैरसमज झालाय हे तरी मला कुठे माहितीये, रोप जुना असूही शकतो! शेवटी राहिलं ते एवढंच: "लिफ्टच्या कामात पैसे खाल्ले असं मी एजीएममध्ये म्हणालो. माझ्याकडे त्याचा पुरावा नाही, नसताना म्हणालो ही माझी चूक. खजिनदारांची माफी मागतो. लिफ्टच्या खर्चाची कागदपत्रं सभासद म्हणून बघायची मागणी मी वेगळ्या अर्जाने करतोय."

ते शेवटचं वाक्य म्हणजे गोखल्यांच्या माफीतली माझी तक्रार होती, ती मी आपल्यापुरती दुरुस्त करून घेतली म्हणा. आणि खरं सांगायचं तर हे मी आधीच करायला हवं होतं. सहकार कायद्यातच आहे, सभासदाला सोसायटीची कागदपत्रं बघता येतात, प्रती घेता येतात. एक साधा अर्ज. पण अर्जात मजा नसते, मीटिंगमध्ये उभं राहण्यात असते.

अर्ज सेक्रेटरीकडे दिला, पोच घेतली. चौथ्या दिवशी खजिनदार काका स्वतः फाईल घेऊन वर आले, चपला बाहेर काढल्या, आत आले नाहीत, दारातच उभं राहून बिल दाखवलं. जीएसटी नंबर, रोपची जाडी, लांबी, सगळं लिहिलेलं. त्यावरून कळत काहीच नाही, नवं बिल जुन्या रोपवरही लागतं. मी तसं म्हणालो पण, जरा सांभाळून. ते म्हणाले दुसऱ्या कंपनीचा माणूस बोलवा, तुमच्या पसंतीचा, रोप बघू दे, मोजू दे, पैसे मी देतो. मी म्हणालो पैसे अर्धे अर्धे.

रविवारी अकरा वाजता माणूस येतोय. वॉचमनला मी सांगितलंय त्या दिवशी सुट्टी घे, पण घेऊन तरी काय होणार, सुट्टी घेतली तर उलट लोक म्हणतील याच दिवशी बरी घेतली, म्हणून तो म्हणाला मी गेटवरच थांबतो नेहमीसारखा.